पहिला बोर्ड गेम स्वतः बनवा: चार रविवारांचा घरगुती क्लास

आमच्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत मी उन्हाळ्याच्या सुट्टीत एक छोटा क्लास घेते, पटावरचे आणि पत्त्यांचे खेळ स्वतः बनवायचा. आठ ते बारा जण असतात, सातवीतल्या पोरांपासून रिटायर झालेल्या काकांपर्यंत, चार रविवार, दर वेळी तीन तास. दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं की आमच्याकडे असा क्लास नाही, मग घरी कसं करायचं, म्हणून यावेळी सगळं सविस्तर लिहून काढतेय. घरी चार जण जमले तरी भागतं, फक्त तिसऱ्या रविवारी निदान दोन माणसं बाहेरची लागतील, शेजारचे, ऑफिसातले, कुणीही, का ते तिथे येईलच.

आधी माझं मत सांगते कारण सगळा क्लास त्याच्यावर उभा आहे. खेळणाऱ्याला दर टर्नला काहीतरी ठरवायला लागलं पाहिजे, हे करू का ते करू, आणि ठरवताना जीव थोडा वरखाली व्हायला पाहिजे. हे असेल तर वहीच्या पानांच्या चिठ्ठ्यांवरसुद्धा खेळ रंगतो, आणि हे नसेल तर कितीही गुळगुळीत कागदावर छापा, डबा दुसऱ्यांदा कुणी उघडत नाही. त्यामुळे पहिले तीन रविवार आपण चित्र काढणार नाही, कॉम्प्युटर उघडणार नाही, काहीही छापणार नाही.

सामान अगदी साधं घ्या. दोन जुने पत्त्यांचे कॅट, शाळेतल्या ड्रॉइंग शीट, पेन्सिल आणि खोडरबर (पेन नको, खोडायला लागणार आहे), दोन-तीन फासे, मूठभर चिंचोके, शर्टाची वेगवेगळ्या रंगांची बटणं, कात्री, आणि मोबाईलमधलं स्टॉपवॉच. फासे, बटणं सगळं घरातच सापडतं, नाहीतर पुण्यात अप्पा बळवंत चौक किंवा मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटला स्टेशनरीचं काय हवं ते मिळतं, आणि लहान गावात शाळेजवळच्या दुकानात चौकशी करा.

पहिला रविवार: सापशिडी दुरुस्त करायची

क्लासची सुरुवात मी सापशिडीनेच करते कारण ती सगळ्यांना येते. पंधरा मिनिटं खेळायची आणि खेळताना प्रत्येकाने कागदावर एक रेघ मारायची, कधी, तर जेव्हा जेव्हा स्वतःला काही ठरवायला लागलं तेव्हा. पंधरा मिनिटांनी सगळ्यांचे कागद कोरे. फासा टाकला, जेवढं दान पडलं तेवढं सरकलो, साप आला खाली, शिडी आली वर. तुमच्या जागी मांजर बसवलं असतं तरी निकाल तोच.

इथे लोक लगेच म्हणतात की मग सापशिडी वाईट खेळ आहे. तसं नाहीये. आपल्याकडे हा खेळ मोक्षपट म्हणून खेळला जायचा, परंपरेने त्याला ज्ञानेश्वरांचं नाव जोडतात, आणि जुन्या पटांवर शिड्यांना सद्गुणांची आणि सापांना दुर्गुणांची नावं लिहिलेली असायची, वरती शेवटी मोक्ष. तिथे माणसाच्या हातात काही नाही हेच सांगायचं होतं, दान पडेल तसा जन्म, त्यामुळे निवड नसणं हा त्या खेळाचा अर्थच होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तो इंग्लंडमध्ये गेला, तिथून नावं आणि अर्थ पातळ होत होत आपल्याकडे परत आला आणि उरला फक्त फासा. म्हणून कुठलाही नियम बघितला की आधी विचारायचं, हा इथे कशासाठी आहे.

आता पहिला सराव. तीन-तीन जणांचे गट करा आणि सापशिडीत फक्त एकच नियम बदला, असा की ठरवायला लागेल. एकच, दोन नाही. कुणी दोन फासे टाकून त्यातला एक निवडायचा करतात, कुणी प्रत्येकाला दोन सोंगट्या देतात आणि पडलेल्या दानाने कुठली हलवायची ते खेळणारा ठरवतो. एका गटाने दोन फाशांतला एक स्वतःसाठी आणि उरलेला दुसऱ्या कुणाच्या तरी सोंगटीसाठी असं केलं, आणि त्या टेबलावरचा आवाज एकदम वाढला, कारण आता माझ्या दानाने तू सापाच्या तोंडात जाणार होतास. मग परत पंधरा मिनिटं खेळा, परत रेघा मारा. आता कागदावर वीस-पंचवीस रेघा दिसतात. पोरांना हा फरक डोळ्यांनी दिसतो, मला वेगळं समजावायला लागत नाही.

त्यानंतर चल्लस आठ. नाव भागाभागात बदलतं, नियमही थोडे बदलतात, पण पाच बाय पाच घरांचा पट आणि चार चिंचोके किंवा कवड्या एवढं बहुतेक ठिकाणी सारखं. चिंचोका मधून फोडला की एक बाजू पांढरी एक काळी. जेवढे पांढरे वर तेवढं दान, चारही पांढरे पडले तर चार, चारही काळे पडले तर आठ, आणि चार किंवा आठ पडलं की परत एक टर्न. इथे मी फळ्यावर थोडं गणित घेते आणि ते टाळू नका, कारण खेळ बनवणाऱ्याला एवढं गणित यायलाच पाहिजे. चार चिंचोके पडायच्या एकूण १६ तऱ्हा. त्यातल्या ६ मध्ये दान दोन पडतं, ४ मध्ये एक, ४ मध्ये तीन, आणि चारची १ आणि आठची १. म्हणजे परत टर्न मिळायची शक्यता आठात एक. साध्या फाशात एक ते सहा सगळे सारखेच पडतात, चिंचोक्यात मधली दानं जास्त पडतात आणि टोकाची क्वचित, म्हणून आठ पडलं की सगळं घर ओरडतं. दोन फाशांची बेरीज घेतली तरी असंच होतं, ३६ तऱ्हांपैकी ६ मध्ये सात येतात आणि दोन किंवा बारा फक्त एकेका तऱ्हेने. १९९५ साली जर्मनीत आलेला क्लाउस टॉयबरचा कटान हा खेळ याच बेरजेवर उभा आहे, त्यात जागा निवडताना खेळणारे आधी हेच बघतात की माझ्या जमिनीचा आकडा सातच्या जवळ आहे का लांब.

अर्थात खरा चिंचोका एका बाजूला फुगीर असतो, तो कागदावरच्या गणितासारखा पडत नाही. म्हणून घरचा अभ्यास: तुमचे चार चिंचोके शंभर वेळा टाका आणि काय काय पडलं ते मांडा. कंटाळवाणं वाटतं पण करा, त्यातून दानाचा स्वभाव हाताला कळतो.

दुसरा रविवार: विषय कुठून आणायचा

या दिवशी प्रत्येकाने तीन विषय लिहून आणायचे. नव्याने आलेले लोक हमखास ड्रॅगन, किल्ल्याची लढाई, अंतराळ असं काहीतरी आणतात. लढाई असू दे, पण मी आग्रहाने सांगते की एक तरी विषय असा आणा ज्यातले बारकावे तुम्हाला पाठ आहेत. एसटी स्टँडवर जागा पकडणं, गणपतीची आरास, आठवडी बाजार, पाणी सुटायच्या वेळेला भांडी लावणं. कारण असं, की ओळखीच्या गोष्टीत नियम आधीच तयार असतात, माणसं ते रोज पाळत असतात, आपण फक्त वेचायचे.

उदाहरण म्हणून आमच्या क्लासमध्ये सगळ्यांनी मिळून बनवलेला एक खेळ सांगते, नाव पंगत. यातूनच पुढचं सगळं समजेल. खेळणारे चार, प्रत्येकापुढे एक पान. पदार्थ सहा: मीठ, चटणी, कोशिंबीर, भाजी, वरणभात, जिलबी. प्रत्येक पदार्थाचे ८ पत्ते म्हणजे ४८, आणि त्यात ६ पत्ते सांडल्याचे, एकूण ५४. हा आकडा मुद्दाम धरला, जोकर धरून पत्त्यांच्या एका कॅटात ५४ पत्ते असतात, त्यामुळे जुन्या कॅटावर कागदाचे तुकडे चिकटवले की झाला आपला खेळ, आणि पिसायलाही छान.

पहिला नियम असा ठरला: टर्न आला की गठ्ठ्यातला एकेक पत्ता उलटायचा, मिठापासून जिलबीपर्यंत क्रमाने पान वाढायचं, हवं तिथे थांबायचं, आणि सांडल्याचा पत्ता आला की त्या टर्नमध्ये मिळालेलं सगळं गेलं. ज्याचं पान आधी भरेल तो जिंकला. ऐकायला मस्त वाटलं सगळ्यांना. खेळायला बसलो तर पंचेचाळीस मिनिटं झाली तरी कुणाच्या पानात भाजी पडेना.

आता बघा चुकलं कुठे, आणि हे खेळायच्या आधी कागदावर कळू शकलं असतं. मला मीठ हवंय, मिठाचे पत्ते ५४ मधले ८, म्हणजे साधारण सात पत्त्यांत एक. असे सहा पदार्थ क्रमाने हवेत, म्हणजे एका पानाला अंदाजे चाळीस पत्ते उलटायला लागणार. सांडल्याचा पत्ता ५४ मध्ये ६, म्हणजे नऊ पत्त्यांत एक, म्हणजे त्या चाळिसात चार-पाच वेळा सांडणार. चार खेळणाऱ्यांचं मिळून गठ्ठा तीनदा संपेल. शिवाय सगळे एक पत्ता मिळाला की लगेच थांबत होते, आणि ते बरोबरच होतं, पुढे जायचं कारणच नव्हतं. म्हणजे थांबू का पुढे जाऊ हा नियम कागदावर निवडीचा, पण उत्तर कायम एकच. असं दिसलं की समजायचं, इथे निवड नाहीये, आहे असं फक्त वाटतंय. हे नव्या माणसाच्या लक्षात येत नाही, त्यामुळे तुमच्या प्रत्येक नियमाला विचारा की दोन शहाणी माणसं इथे वेगवेगळं वागतील का.

मग दुरुस्ती कशी केली? आम्ही खऱ्या पंगतीत काय होतं ते आठवायला लागलो. मीठ तर आधीच वाढलेलं असतं. मधल्या पदार्थांचा क्रम वाढपी इतका पाळत नाही. जिलबी शेवटी. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, पंगतीत आग्रह असतो! आणि आग्रह झाला की माणूस पानावर आडवा हात धरून पुरे म्हणतो, आणि पानात टाकलेलं कुणाला आवडत नाही. एवढं बोलून होईपर्यंत नियम तयार झाले होते.

दुसरी आवृत्ती अशी. प्रत्येकाच्या पानात सुरुवातीलाच एक मीठ. सांडल्याचे पत्ते ६ वरून ४, काढलेले दोन बाजूला कोरे ठेवले. मधले चार पदार्थ कुठल्याही क्रमाने. जिलबी बाकी पाच झाल्यावरच. उलटलेला पत्ता तुमच्या पानात चालत नसेल, म्हणजे तो पदार्थ आधीच आहे किंवा जिलबी लवकर आली, तर तो दुसऱ्या कुणालाही आग्रह करून वाढायचा. त्याला तो हवा असेल तर त्याचा फायदा, नको असेल तर त्याच्या पानाबाहेर पडला, शेवटी एक गुण वजा. पण त्याच्याकडे दोन चिंचोके असतात, एक देऊन तो पुरे म्हणू शकतो, आणि मग तो पत्ता वाढणाऱ्याच्याच अंगावर येतो. पानातल्या प्रत्येक पदार्थाला एक गुण, पूर्ण पानाला पाच जास्तीचे, कुणाचंही पान भरलं की डाव संपला.

आता मिठाचे उरलेले चार पत्ते बघा, मीठ सगळ्यांकडे आहे, त्यामुळे ते कुणालाच नकोत आणि ते आले की सगळे एकमेकांकडे बघतात. हे आम्ही ठरवून केलं नव्हतं, आपोआप झालं. गठ्ठ्यात आता ४४ पदार्थ आणि ४ सांडल्याचे, म्हणजे सांडायची शक्यता बारात एक, पण पान जसं भरत येतं तसे नको असलेले पत्ते जास्त येतात आणि पुरेचा मार बसायची भीती वाढते. आता थांबू का पुढे जाऊ याला खरंच दोन उत्तरं झाली.

एक नियम बदलला की खेळाचा अर्थ किती फिरतो याचं माझं आवडतं उदाहरण मोनोपॉलीचं आहे, आपल्या घराघरातल्या व्यापारचा मूळ अवतार. अमेरिकेत लिझी मॅगी नावाच्या बाईंनी १९०४ साली लँडलॉर्ड्स गेम या खेळाचं पेटंट घेतलं होतं, जमीन थोड्या लोकांच्या हातात गेली की बाकीच्यांचं काय होतं ते दाखवायला. त्यांनी दोन प्रकारचे नियम केले होते, एकात संपत्ती वाढली की सगळ्यांचा फायदा, दुसऱ्यात बाकीच्यांना चिरडून एकट्याने जिंकायचं. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्सनी जो खेळ बाजारात आणला त्यात चिरडायचंच उरलं. आणि त्याबरोबर एक दोषही राहिला जो तुम्ही सगळ्यांनी भोगलाय, एकाचं दिवाळं निघतं आणि मग तो पुढचा तासभर बाकीच्यांचा खेळ बघत बसतो. पहिल्या खेळात कुणालाही मधेच बाहेर काढू नका. हरणाऱ्यालाही शेवटपर्यंत काहीतरी करायला असलं पाहिजे, पंगतमध्ये मागे पडलेल्याकडे निदान आग्रह करायचा अधिकार उरतो.

तिसरा रविवार: गप्प बसायचा दिवस

माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा दिवस आणि सगळ्यात अवघड, कारण आपण बनवलेला खेळ दुसरे खेळत असताना तोंड बंद ठेवायचं असतं. बाहेरची माणसं इथे लागतात. घरचे कौतुक करतात, आणि त्यांना नियम बनताना ऐकून माहीत झालेले असतात, त्यामुळे त्यांच्याकडून खरं कळत नाही.

पद्धत अशी. नियम एकदाच सांगा, तीन मिनिटांत. मग खुर्ची थोडी मागे घ्या, वही हातात, स्टॉपवॉच चालू. कुणी चुकीचं खेळलं तरी सांगायचं नाही, फक्त लिहायचं की इथे असं समजले. बरेचदा त्यांनी चुकून खेळलेला नियम आपल्यापेक्षा चांगला निघतो. कुणी मोबाईल उचलला, वेळ लिहा. कुणी माझा टर्न आहे का विचारलं, वेळ लिहा. हसले, ओरडले, शेजाऱ्याच्या पानात डोकावले, तेही लिहा. एका टर्नला किती सेकंद लागतात ते पाच-सहा वेळा मोजा, चार जणांच्या खेळात एकेक टर्न दोन मिनिटांचा झाला तर प्रत्येकजण सहा मिनिटं रिकामा बसतोय.

शेवटी प्रश्न विचारताना आवडला का असं अजिबात विचारू नका, आपल्याकडे समोरासमोर कुणी नाही म्हणत नाही. विचारा: कंटाळा कधी आला? कुठला नियम परत विचारायला लागला? कधी वाटलं की आता हरणार? परत खेळलात तर काय वेगळं कराल? या शेवटच्या प्रश्नाला जर लोक पटकन उत्तर देत असतील तर तुमच्या खेळात जीव आहे. काहीच सुचत नसेल तर निवड कमी पडतेय.

पंगत बाहेरच्या लोकांनी खेळली तेव्हा दोन भोकं सापडली. एक म्हणजे तिघांनी मिळून एकाच मुलीला आग्रह सुरू केला, तिचे दोन्ही चिंचोके पहिल्या फेरीतच गेले आणि नंतर ती खिडकीबाहेर बघत बसली. मला फार वाईट वाटलं, खेळ माझ्या समोर बनला होता आणि मला आधी दिसलं नाही. म्हणून नियम घातला की एका टर्नमध्ये एकाच माणसाला दोनदा आग्रह करायचा नाही, आणि नको असलेला पत्ता ज्याच्या पदरात पडला त्याला पुढच्या पूर्ण फेरीत कुणी वाढायचं नाही. दुसरं भोक नववीतल्या एका मुलाने शोधलं, तो प्रत्येक टर्नला एकच पत्ता उलटून थांबायचा, सांडायचा धोका जवळजवळ नाही, आणि दोनदा सलग जिंकला. मग एका टर्नला निदान दोन पत्ते उलटायलाच हवेत असं केलं. आपला नियम मोडायला बसणारा असा एक माणूस प्रत्येक चाचणीला मुद्दाम बोलवा, त्याच्यावर चिडू नका.

दुरुस्त्या करताना एका वेळी एकच. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि खेळ सुधारला तर कशाने सुधारला ते कळत नाही, बिघडला तरी तेच. प्रत्येक आवृत्तीला नंबर आणि तारीख द्या, जुने नियम फाडू नका. पंगतची चौथी आवृत्ती वीस मिनिटांत संपायला लागली आणि लोक आपणहून दुसरा डाव मांडायला लागले, तिथे आम्ही थांबलो.

आणि हो, हरल्यावर काय जातं याचाही विचार करा. जेजुरीच्या खंडोबाची गोष्ट माहीत असेल, म्हाळसेशी सारीपाट खेळताना हरला आणि पैजेप्रमाणे घर सोडून गेला, तिथे पुढे बाणाई भेटली. पट तोच, पण पैज तेवढी मोठी म्हणून गोष्ट अजून गायली जाते. आपल्या खेळात घर सोडायला नको, पण सांडल्यावर चार पत्ते हातातून गेले की खरंच हळहळ वाटली पाहिजे, एकच पत्ता जात असेल तर कुणाला काही वाटत नाही.

नियमांचा कागद

हा तिसऱ्या आणि चौथ्या रविवारच्या मधल्या आठवड्यात लिहायचा. एका पानात बसला पाहिजे. सुरुवातीलाच जिंकायचं कसं ते सांगा, मग डब्यात काय आहे, मांडणी, एका टर्नमध्ये काय करायचं, डाव कधी संपतो, आणि शेवटी अडलेले प्रश्न. लोक उलटं करतात, मांडणीपासून सुरू करतात आणि कशासाठी मांडतोय ते शेवटच्या ओळीत सांगतात.

मराठीत लिहिताना शब्दांची एक अडचण येते. डाव, खेळी, पाळी, फेरी, चाल हे आपण बोलताना कसेही वापरतो, आणि कागदावर त्याने गोंधळ होतो. मी असं ठरवलंय: एका माणसाची वेळ म्हणजे टर्न, सगळ्यांचा एकेक टर्न झाला की फेरी, आणि सुरुवातीपासून गुण मोजेपर्यंत डाव. तुम्ही वेगळे शब्द घ्या पण मग शेवटपर्यंत तेच ठेवा. उलटवणे, वाढणे, टाकणे ही क्रियापदंसुद्धा पक्की करा. आमच्या कागदावर पत्ता टाका असं एका ठिकाणी होतं, अर्ध्या लोकांनी तो पानात टाकला आणि अर्ध्यांनी बाजूच्या गठ्ठ्यात.

कागद झाला की खेळ माहीत नसलेल्या लोकांना तो आणि डबा देऊन खोलीबाहेर जा. खरंच बाहेर जा, दारात उभं राहू नका. ते कुठे अडले तेवढं परत आल्यावर विचारा.

चौथा रविवार: आता कात्री आणि गोंद

पत्त्याचं नेहमीचं माप ६३ बाय ८८ मिलिमीटर धरा, ए-फोर कागदावर असे ९ पत्ते बसतात, म्हणजे ५४ पत्ते सहा कागदांत. डिजिटल प्रिंटच्या दुकानात ३०० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या, जाड) कागदावर छापून मिळतं. पत्त्यावर काय आहे ते डाव्या वरच्या कोपऱ्यात लहान काढा, कारण हातात पंख्यासारखे धरले की तेवढंच दिसतं. फक्त रंगावर भरवसा ठेवू नका, लाल-हिरवा फरक न दिसणारी माणसं असतात, आणि रात्री पिवळ्या दिव्यात सगळ्यांचीच पंचाईत होते, म्हणून रंगाबरोबर चिन्ह हवंच. देवनागरी अक्षरं लहान करताना वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात, ओळींत जागा जास्त सोडा. ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बालू हे फाँट फुकट मिळतात आणि लहान आकारातही नीट वाचता येतात.

पत्ते कापताना स्टीलची पट्टी आणि धारदार कटर, खाली जाड पुठ्ठा किंवा कटिंग मॅट, आणि एकदम जोर न लावता दोन-तीन हलक्या रेघा. मुलांच्या हातात कटर देऊ नका, त्यांना कात्री आणि कोपरे गोल करायचा पंच द्या. सगळ्या पत्त्यांच्या पाठी अगदी सारख्या हव्यात, एकाची कड जरी वेगळी कापली गेली तरी तो पत्ता ओळखू येतो आणि खेळ संपला.

पट करायचा असेल तर दोन मिलिमीटरचा ग्रे बोर्ड, म्हणजे करडा कडक पुठ्ठा, घ्या. फेव्हिकॉल पातळ करून सरळ लावला की कागद फुगतो आणि वाळल्यावर पुठ्ठा वाकतो, विशेषतः पावसाळ्यात. त्यावर उपाय म्हणजे मागच्या बाजूलाही तसाच कागद चिकटवायचा, दोन्हीकडचा ओढा सारखा झाला की पट सपाट राहतो, आणि रात्रभर वर जाडजूड पुस्तकं. मधून घडी हवी तर बाइंडिंगची कापडी पट्टी दोन अर्ध्यांच्या मध्ये, पण दोन्हीमध्ये पुठ्ठ्याच्या जाडीइतकी फट सोडून.

कुणी विचारतं की हाताने केलेलं टिकतं का. सावंतवाडीला राजवाड्यात गंजिफा बघून या. गोल पत्ते, हाताने रंगवलेले, दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा गट आणि प्रत्येकात १२, एकूण १२० पत्ते. कला जवळजवळ संपली होती, शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी कारागिरांना घेऊन ती परत उभी केली. तिथे गोल पत्त्याची एक गोष्ट बघण्यासारखी आहे, पत्त्याला कोपरेच नाहीत, त्यामुळे दुमडायला काही नाही.

विकायचा विचार डोक्यात आला असेल तर थोडक्यात. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३ प्रमाणे खेळ खेळण्याची पद्धत पेटंटला पात्र नाही, त्यामुळे तुमची युक्ती कुणी घेतली तर अडवता येत नाही, आणि तुम्हीही दुसऱ्यांच्या युक्त्यांवरून शिकू शकता. तुमची चित्रं आणि तुम्ही लिहिलेला नियमांचा मजकूर मात्र तुमचा, दुसऱ्याची चित्रं उचलू नका. १४ वर्षांखालच्या मुलांसाठी खेळणं म्हणून विकणार असाल तर १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) नियम लागू आहेत, ते आधी वाचा. पण पहिला खेळ विकायची घाई कशाला, पाच प्रती करा आणि वाटा.

आमच्या क्लासमध्ये शेवटच्या दिवशी प्रत्येक डबा दुसऱ्या कुणाच्या तरी घरी एक आठवडा जातो. डब्याच्या झाकणाला आतून नियमांचा कागद आणि आवृत्तीचा नंबर चिकटवलेला, सोबत एक छोटी वही, त्यात खेळणाऱ्यांनी किती वेळ लागला आणि कोण जिंकलं एवढंच लिहायचं. परत आला की आधी वही बघा आणि मग पत्ते उलटसुलट करून बघा. पंगतचा डबा परत आला तेव्हा मिठाच्या पत्त्यांच्या कडा सगळ्यात जास्त मळल्या होत्या, आणि बाजूला ठेवलेल्या त्या दोन कोऱ्या पत्त्यांपैकी एकावर कुणीतरी पेन्सिलीने ताक असं लिहून ठेवलं होतं.